बुडालेल्या कारखान्याचे नाव



एखादा कारखाना बुडाला की त्याचे काय काय जाते, याचा हिशेब आपण सहज करतो. यंत्रे भंगाराच्या भावाने विकली जातात, जागेवर दुसऱ्या कुणाची पाटी लागते, कामगार मिळेल त्या कामाला लागतात. पण या हिशेबात एक गोष्ट बहुधा कुणी धरीत नाही. ती म्हणजे कारखान्याचे नाव. नावाला वजन नसते, लिलावात त्याला भाव येईलच असेही नाही, आणि दोन पिढ्या उलटल्या की ते घेणारे माणूसही फारसे उरत नाही.

आज मी आपणांला अशाच एका नावाची हकीकत सांगणार आहे. देश इटली, माल मोटारगाड्या आणि नाव ईझो. हा कारखाना 1974 साली बुडाला. त्यानंतर 46 वर्षांनी, म्हणजे 2020 साली, तेच नाव मिरवणारी नवी गाडी लोकांपुढे आली. ती कुठल्या मोठ्या कारखान्यातून आली नाही. मोटारीचे अंग घडवणाऱ्या एका जुन्या घराण्याच्या कार्यशाळेने ती घडवली. आता प्रश्न असा, की बुडालेले नाव नव्या गाडीवर लावले म्हणजे ते खरोखर जिवंत झाले काय? की तो नुसता जुन्या पाटीला रंग देण्याचा प्रकार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

प्रथम, मोटारीचे अंग घडवणे म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी इटलीला जाण्याचे कारण नाही, आपली एस.टी. पुरे. एस.टी.ची गाडी मोटार कारखान्यातून सगळी तयार होऊनच येते, असे पुष्कळांना वाटते. पण महामंडळाच्या असंख्य गाड्यांच्या बाबतीत तसे झालेले नाही. इंजिन, चाके आणि लोखंडी सांगाडा, ज्याला आपण चासी म्हणतो, एवढेच कारखान्याकडून येई. त्यावरची बॉडी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे बांधली जाई. मालट्रकचेही तेच. नुसत्या चासीवर बसून, तोंडाला फडके गुंडाळून वाऱ्यातून चाललेला ड्रायव्हर आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी रस्त्यावर हमखास पाहिला असेल. तो ती चासी बॉडी बांधणाऱ्याकडे घेऊन चाललेला असे.

युरोपात एके काळी खाजगी मोटारींचीही हीच रीत होती. गिऱ्हाईक कारखान्याकडून चासी विकत घेई आणि आपल्या पसंतीच्या कारागिराकडे नेई. हे कारागीर मूळचे घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे. इटलीत मिलान आणि तोरिनो या दोन शहरांत त्यांच्या कार्यशाळा गजबजलेल्या असत. इटालियन भाषेत अशा कार्यशाळेला ‘कारोझेरिया’ म्हणतात आणि हातोडीने पत्र्याला आकार देणाऱ्या कारागिराला ‘बात्तीलास्त्रा’, म्हणजे सरळ मराठीत पत्रा ठोकणारा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे भांडे मठारताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे काम निराळे समजावून सांगायला नको. सपाट पत्रा लाकडी ठोकळ्यावर धरायचा आणि हजारो हलके ठोके मारून त्याला गोलाई आणायची. ठोका जोराचा बसला तर पत्रा ताणला जातो, हलका पडला तर वळत नाही. हे प्रमाण पुस्तकात लिहिता येत नाही, ते मनगटात उतरावे लागते.

आता ईझोकडे वळू. या नावाचा मोटारींशी मुळात काही संबंध नव्हता. रेन्झो रिवोल्ता नावाच्या उद्योजकाने 1939 साली जेनोवा शहराजवळ ‘ईझोथेर्मोस’ या नावाची कंपनी काढली. ती घरगुती शीतकपाटे आणि ऊब देणारी उपकरणे बनवीत असे. पुढे महायुद्धाच्या काळात, 1942 साली, हा कारखाना मिलानजवळच्या ब्रेस्सो या गावी हलवण्यात आला. युद्ध संपले तेव्हा देश मोडून पडला होता. लोकांना कामावर जायला स्वस्त वाहन हवे होते. रिवोल्ता यांनी ते ओळखले आणि स्कूटरी नि मोटारसायकली काढायला सुरुवात केली. ईझोथेर्मोसमधले पहिले दोनच स्वर-व्यंजने राहिली आणि ‘ईझो’ हे नाव वाहनांवर आले.

त्यानंतर 1953 साली त्यांनी एक विलक्षण गाडी जगापुढे आणली. तिचे नाव इझेत्ता, म्हणजे छोटी ईझो. एर्मेनेजिल्दो प्रेती या विमानविद्येतल्या अभियंत्याने तिची कल्पना काढली. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, आकार अंड्यासारखा. बाजूला दार नाहीच. सगळे तोंडच कपाटासारखे समोर उघडायचे आणि त्याबरोबर चालवायचे चाकही बाहेर यायचे, म्हणजे बसणाऱ्याला वाट मिळायची. मागची दोन चाके अगदी जवळ जवळ. इंजिन 236 घनसेंटिमीटरचे, म्हणजे आपल्या बुलेटच्या इंजिनाहून लहान. पाऊसपाणी लागू नये, दोन माणसे बसावीत आणि पेट्रोल थोडके लागावे, एवढीच तिची प्रतिज्ञा.

मौज अशी, की इटलीत या गाडीचा फारसा जम बसला नाही. तिथे फियाटच्या लहान मोटारी होत्या, व्हेस्पासारख्या स्कूटरी होत्या. पण तिची कल्पना परदेशी गेली. जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कंपनी त्या वेळी अडचणीत होती. तिने परवाना घेतला, आपल्या मोटारसायकलचे इंजिन बसवले आणि 1955 ते 1962 या काळात 1,60,000 हून अधिक इझेत्ता बनवल्या. ब्राझीलमध्ये रोमी या कंपनीने 1956 पासून सुमारे 3,000 गाड्या काढल्या. आज बी.एम.डब्ल्यू. म्हटले की श्रीमंतांची मोटार डोळ्यांसमोर येते. पण तिच्या पडत्या काळात तिला हात देणाऱ्यांत ही अंड्याच्या आकाराची गरिबाची गाडी होती आणि तिचे माहेर ब्रेस्सो होते.

परवान्याच्या व्यवहारातून रिवोल्ता यांच्या हाती पैसा आला. तेव्हा त्यांनी आपल्या मनातली दुसरी गोष्ट करायचे ठरवले. लांब पल्ल्याचा प्रवास वेगाने, आरामात आणि मुख्य म्हणजे बेभरवशाचा न होता करता येईल अशी मोठी मोटार त्यांना हवी होती. त्या वेळच्या इटालियन वेगवान गाड्या दिसायला देखण्या, पण इंजिने नाजूक. वरचेवर मिस्त्रीकडे न्यावी लागणारी. रिवोल्ता यांनी सरळ हिशेब मांडला. आपल्याला जे उत्तम येते ते आपण करावे आणि जे दुसऱ्याला उत्तम येते ते त्याच्याकडून घ्यावे. इंजिन त्यांनी अमेरिकेतून घेतले. शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट गाडीचे, आठ सिलिंडरांचे, 5.4 लिटरचे दणकट इंजिन. सांगाडा नि यंत्ररचना जोत्तो बिझारिनी यांच्याकडे सोपवली. हे बिझारिनी 1961 साली फेरारी कंपनीतून बाहेर पडलेले नामांकित अभियंते होते. आणि अंग घडवण्याचे काम दिले तोरिनोच्या बेर्तोने या कार्यशाळेला. तिथे जोर्जेत्तो जुजारो नावाचा विशीतला तरुण रेखाकार होता; पुढे तो जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार-रेखाकारांत गणला गेला.

या तिघांच्या हातून 1962 साली ईझो रिवोल्ता ही गाडी आली आणि पाठोपाठ 1963 च्या तोरिनो प्रदर्शनात ईझो ग्रिफो. ग्रिफो म्हणजे धड सिंहाचे आणि डोके गरुडाचे असलेला पुराणातला प्राणी. नाव मोठे समर्पक होते, कारण गाडीचेही तसेच होते: हृदय अमेरिकन, रूप इटालियन. बिझारिनींनी हिची शर्यतीसाठी निराळी आवृत्ती केली, तिला ए3/सी असे म्हणत. इंजिन पुढच्या चाकांच्या बरेच मागे सरकवलेले, नाक जमिनीशी टेकल्यासारखे खाली, आणि अंग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे. फ्रान्समध्ये ल माँ येथे 24 तासांची प्रसिद्ध शर्यत होते. तिथे 1965 साली ही गाडी सर्वांत नववी आणि आपल्या वर्गात पहिली आली. शीतकपाटे बनवणाऱ्याच्या कारखान्याने एवढी मजल मारली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण दिवस सारखे राहत नाहीत. 1966 साली रेन्झो रिवोल्ता वारले. मुलगा पिएरो तेव्हा अवघ्या पंचविशीचा. त्याने उमेदीने कारभार पुढे चालवला. 1967 साली फिदिया ही चार दारांची गाडी आली आणि 1969 साली लेले. या लेलेचे रूप मार्चेल्लो गांदिनी यांचे, नि नाव पिएरोच्या पत्नीच्या लाडक्या नावावरून ठेवलेले. तरीही धंदा मुळात लहानच. बारा वर्षांत या मोठ्या गाड्या सगळ्या मिळून सुमारे 1,700 झाल्या. त्यांतली ग्रिफो तर 400 च्या आसपास. 1973 साली रिवोल्ता कुटुंबाने कंपनी विकली. नव्या मालकाच्या काळात ईझोचे नाव फॉर्म्युला वन शर्यतीतही झळकले. पण त्याच वर्षीच्या शेवटी जगावर तेलाचे संकट कोसळले. पेट्रोल महागले, इटलीत तर डिसेंबरपासून रविवारी खाजगी मोटार रस्त्यावर आणायला बंदी झाली. ज्या गाडीला पेट्रोलची तहान मोठी, तिला अशा दिवसांत कोण विचारणार? 1974 संपता संपता कंपनीचे दिवाळे निघाले.

नाव पुन्हा उभे करण्याची एक खटपट मधल्या काळात झाली. 1990 च्या सुमारास पिएरो रिवोल्ता यांनी गांदिनींकडून नव्या ग्रिफोचे रेखांकन करून घेतले. पण ती गाडी उत्पादनापर्यंत पोचली नाही. कारखाना नसताना मोटार काढायची म्हणजे विहीर नसताना मोट बांधायची, असा तो मामला. पैसा लागतो, साचे लागतात, आणि नव्या गाडीला सुरक्षिततेच्या नि धुराच्या नियमांच्या कसोट्यांतून पार पडावे लागते, त्यांचा खर्च लहान माणसाला झेपत नाही.

इकडे अंग घडवणाऱ्या कार्यशाळांचीही स्थिती बरी नव्हती, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. महायुद्धानंतर मोटारीची बांधणीच बदलली. आपल्याकडे कुर्ल्याला पद्मिनी मोटार बनत असे. ती मूळ फियाट 1100 या इटालियन गाडीची वंशज. या गाडीला ट्रकसारखी निराळी चासी नव्हती. छप्पर, बाजू, तळ हे सगळे जोडून जी पेटी होते तीच तिचा सांगाडा. अशा गाड्या मोठमोठ्या दाबयंत्रांवर हजारोंनी निघतात. मग सुटी चासी बाजारात येणार कुठून, आणि ती घेऊन कारागिराकडे जाणार कोण? चासी संपली तसे हे कारागीर निराधार झाले. मिलानची तूरिंग ही नामवंत कार्यशाळा 1966 साली बंद पडली. ज्या बेर्तोनेने ईझोच्या गाड्यांना रूप दिले, ती संस्था 2014 साली दिवाळखोरीत गेली. पिनिनफारिना ही तशीच थोर संस्था. तिची मालकी घेण्याचा करार 2015 साली आपल्या मुंबईच्या महिंद्र समूहाने केला.

अशा पडझडीत जी थोडी घराणी टिकली, त्यांत मिलानचे झागातो हे एक. ऊगो झागातो यांनी 1919 साली ही कार्यशाळा काढली. पहिल्या महायुद्धात ते विमानांच्या कारखान्यात काम करीत. विमान हलके असावे लागते. हलक्या सांगाड्यावर पातळ पत्रा चढवण्याची ती विद्या त्यांनी मोटारींना लावली. त्यांच्या गाड्यांच्या छतावर पुढे दोन उंचवटे दिसू लागले, चालवणाऱ्याच्या डोक्यावर एक आणि शेजारच्याच्या डोक्यावर एक. कारण असे, की गाडी ठेंगणी ठेवायची तर डोके छताला लागते. तेव्हा सगळे छप्पर वर उचलण्याऐवजी डोक्यापुरतीच जागा उचलायची. गरजेतून निघालेली ही युक्ती पुढे घराण्याची खूण होऊन बसली. ऊगो यांच्यामागे त्यांचे पुत्र एलिओ आणि जान्नी, आणि नंतर एलिओंचे पुत्र आंद्रेआ, अशी ही तिसरी पिढी.

आणि इथे हकीकतीला एक घरगुती वळण मिळते. या आंद्रेआ झागातो यांच्या पत्नी मारेल्ला या रिवोल्ता घराण्यातल्या: पिएरो यांच्या कन्या, रेन्झो यांची नात. त्या स्वतः झागातो कार्यशाळेच्या कलाविभागाची धुरा वाहतात. म्हणजे बुडालेल्या कारखान्याचे नाव माहेरचे आणि अंग घडवण्याची विद्या सासरची. नाव जतन करायला नुसती कागदपत्रे पुरत नाहीत. ते ज्याला आपले वाटते असे माणूस लागते. ईझोला ते माणूस असे मिळाले.

त्यांची सुरुवातही मोठी गमतीची. 2017 साली तोक्यो येथील प्रदर्शनात ईझो रिवोल्ता झागातो या नावाची एक गाडी मांडली गेली. ती केली होती ‘ग्रान तुरिझ्मो’ या जपानी संगणक-खेळासाठी, ज्यात मुले पडद्यावर मोटारी पळवतात. म्हणजे आजोबांचे नाव रस्त्यावर येण्याआधी मुलांच्या खेळात आले. ज्या पिढीने ईझो हा शब्द कधी ऐकला नव्हता, तिच्या कानांवर तो असा पडला.

मग 2020 साली आली ईझो रिवोल्ता जी.टी.झेड. संख्या ठरवली फक्त 19. रूप घेतले ते त्या ल माँच्या ए3/सी गाडीवरून: तेच लांब नाक, तीच मागची आखूड बसकण, आणि छतावर झागातोंचे दोन उंचवटे. पण खालचा सांगाडा आणि यंत्र? ते पुन्हा कॉर्व्हेटचे. 6.2 लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, शक्ती 660 अश्वशक्ती, वेग ताशी 300 किलोमीटरच्या पलीकडे. ज्या पिढीची कॉर्व्हेट यासाठी घेतली, ती पुढच्या बाजूला इंजिन असलेली शेवटचीच; 2019 साली तिचे उत्पादन थांबले आणि नंतरच्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले. ग्रिफोचे लांब नाक हवे तर इंजिन पुढेच पाहिजे. तेव्हा ही संधी अगदी वेळेवर साधली म्हणायची.

काम कसे होते तेही पाहा. तयार गाडीचे बाहेरचे अंग उतरवायचे आणि आतला सांगाडा, इंजिन, यंत्रणा तशीच ठेवायची. म्हणजे ज्या नियमांच्या कसोट्यांनी पूर्वी लहान माणसाची वाट अडवली होती, त्यांतल्या पुष्कळशा मूळ गाडीने आधीच पार केलेल्या असतात. या सांगाड्यावर नवे अंग चढते ते कार्बन तंतूंचे. कोळशासारख्या काळ्या तंतूंचे विणलेले कापड, राळेत भिजवलेले, साच्यावर थरावर थर बसवायचे आणि दाबाखाली भट्टीत भाजायचे. ते पोलादाहून कितीतरी हलके आणि तरी मजबूत होते. साचा चुकला तर सगळे चुकले. तेव्हा हातोडी गेली तरी हात गेला नाही. जी नजर पूर्वी पत्र्यावर चाले ती आता साच्यावर चालते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, हा तर कॉर्व्हेटला घातलेला नवा अंगरखा. इंजिन अमेरिकन, सांगाडा अमेरिकन. मग ईझो उरली कुठे? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण थोडे मागे जाऊन विचार करा. 1962 साली रेन्झो रिवोल्तांनी काय केले होते? इंजिन त्यांनी कॉर्व्हेटचेच घेतले होते आणि अंग दुसऱ्याच कार्यशाळेकडून घडवून घेतले होते. सगळे मीच करीन, असा हट्ट ईझोने कधी धरलाच नव्हता. भरवशाचे इंजिन घ्यावे, जाणत्याकडून सांगाडा करवावा, कसबी हातांकडून अंग घडवावे आणि या सगळ्याचा मेळ घालावा, ही त्या कारखान्याची रीत होती. यांतली यंत्राची आणि अंगाची रीत जी.टी.झेड.मध्ये तशीच उतरली आहे. सांगाडा मात्र पूर्वी बिझारिनींच्या बुद्धीचा होता, तो आता आयता घेतला आहे. तेवढी उणीव मान्य करूनही मला वाटते, की इथे नुसती पाटी रंगवलेली नाही. नावाबरोबर कामाची जुनी पद्धतही परत आली आहे. पाटी आणि पुनरुज्जीवन यांत फरक करायचा तो याच कसोटीवर.

पण इथेच थांबलो तर मी अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. या पुनरुज्जीवनाने ब्रेस्सोच्या कामगारांना काम परत मिळाले नाही. 19 गाड्या म्हणजे 19 धनिकांच्या घरचा आनंद. कारखाना बुडाला तेव्हा जे पांगले त्यांच्यासाठी नाव परत येणे आणि न येणे सारखेच. आणखी एक गोष्ट. ईझोच्या दोन मुली होत्या, असे म्हणा. एक देखणी, वेगवान ग्रिफो आणि दुसरी साधीभोळी, कष्टाळू इझेत्ता. घराण्याचे नाव परत आले ते थोरामोठ्यांच्या ग्रिफोच्या वाटेने. मग ज्या इझेत्ताने लाखभराहून अधिक सामान्य संसारांना छप्पर असलेले वाहन दिले, तिचे काय झाले?

तिचीही गोष्ट संपलेली नाही. स्वित्झर्लंडमधल्या एका कुटुंबाच्या कंपनीने, जी मुळात लहान मुलांच्या नि मोठ्यांच्या पायाने ढकलायच्या स्कूटरी बनवते, ‘मिक्रोलिनो’ नावाची विजेवर चालणारी छोटी गाडी काढली. दोन माणसे बसतात, तोंड समोर उघडते, आकार अंड्याचा. पाहताक्षणी इझेत्ता ओळखू यावी. आणि 2022 साली तिचे उत्पादन कुठे सुरू झाले? तोरिनोजवळ, मोटारींची अंगे घडवणाऱ्या कारागिरांच्या जुन्या मुलखात. तिच्यावर ईझो हे नाव नाही, रिवोल्ता हे नाव नाही. पण स्वस्त इंधन, थोडी जागा आणि दोघांपुरता निवारा हा इझेत्ताचा विचार तिच्यात जसाच्या तसा आहे.

असा हा विलक्षण वारसा. नाव एका दाराने परत आले, विचार दुसऱ्या दाराने. नाव परत आले, कारण ते जपणारी नात होती आणि तिच्या घरी अंग घडवणारे हात होते. विचार परत आला, कारण गरज परत आली; गर्दीच्या शहरांत थोडक्या इंधनावर चालणारे लहान वाहन लोकांना पुन्हा हवेसे झाले.

शिक्षक बंधुभगिनींना यातले एक विशेष वाटेल. शाळेत आपण मुलांना शोध लावणाऱ्यांची नावे पाठ करायला लावतो. पण एखाद्या वस्तूच्या मागे किती निरनिराळे हात असतात, हे मुलांना दाखवायचे असेल तर ईझोसारखे उदाहरण नाही. शीतकपाटांचा उद्योजक, विमानांचा अभियंता, शर्यतींचा यंत्रज्ञ, विशीतला रेखाकार आणि नाव कुठेच न छापलेले पत्रा ठोकणारे, इतक्या जणांचे मिळून ते एक नाव झाले होते. मुलांना जवळच्या गॅरेजमध्ये न्या, ट्रकची बॉडी बांधतात तिथे न्या, आणि चेपलेला पत्रा कारागीर पूर्ववत कसा करतो ते पाहू द्या. इटलीतली नि आपल्याकडची ही विद्या एकाच जातीची आहे, हे त्यांना आपोआप कळेल.

ज्या श्रोत्यांच्या घरी एखादी कसबाची परंपरा आहे, मग ती तांबटाची असो, सुताराची असो वा कुंभाराची, त्यांना तर हे वेगळे सांगायला नकोच. ब्रेस्सोचे यंत्र गेले, भिंती गेल्या. त्या परत आल्या नाहीत. परत आले ते एवढेच, जे कुणीतरी मनगटात किंवा मनात राखून ठेवले होते. नावाला पुन्हा उभे राहायचे झाले तर पायाखाली काम लागते. ते काम येणारे हात एकदा सरले, तर मग कितीही पैसा ओतला तरी नाव नुसते पाटीवरच राहते.